गोंदलेला हात आणि प्रभूचे मेज

जिंतूरकडील एका उपदेशक बंधूंनी आमच्याकडे एक प्रश्न लिहून पाठविला आहे. प्रश्न दिसण्यात लहान आहे; परंतु त्यावरून त्यांच्या मंडळीत दोन तट पडले आहेत असे पत्रावरून दिसते, म्हणून त्याचे उत्तर खासगी रीतीने न देता येथेच देणे आम्हांस बरे वाटले. निजामाच्या अमदानीत जन्मलेली, ऐंशी वर्षे ओलांडलेली एक विधवा बहीण वर्षभर नियमाने उपासनेस येत आहे आणि तिने बाप्तिस्मा मागितला आहे. तिच्या उजव्या हातावर तुळस गोंदलेली आहे, डाव्या हातावर रामाचे नाव आहे आणि कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवट ठिपका आहे. पंचांपैकी कित्येकांचे म्हणणे असे की, ह्या खुणा अंगावर असता तिला प्रभुभोजनास बसविता येत नाही. तिने त्या आधी काढून टाकाव्या. इकडे ज्यांचा हा आग्रह आहे त्यांच्यापैकीच एकाच्या नातवाने येत्या जत्रेत मनगटावर क्रूस गोंदवून घेण्याचे मनात धरले आहे, आणि त्यास घरात कोणाचीच हरकत नाही. आमचे बंधू विचारतात : म्हातारीचे गोंदण पाप आणि पोराचे गोंदण साक्ष, हे कसे?

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी गोंदण म्हणजे काय व लोक ते का करून घेतात हे नीट पाहिले पाहिजे, कारण ज्या गोष्टीची गोडी आपणांस कळली नाही तिचा निषेध करण्याचा आपणांस फारसा अधिकार नाही.

मराठवाड्यात, विशेषतः जिंतूरच्या डोंगराळ अंगाच्या गावांतून व बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, म्हाताऱ्या बायकांचे हात अजून पाहावयास मिळतात. मनगटापासून कोपरापर्यंत ठिपक्यांच्या ओळी, फुले, चांदण्या, विंचू, तुळशीवृंदावन, पाळणा. हनुवटीवर एक ठिपका, गालावर एक, कपाळावर चंद्रकोर. गोंदणारी बाई गावोगाव फिरत येई. दिव्याची काजळी धरून ती पाण्यात, दुधात किंवा एखाद्या पाल्याच्या रसात कालवावयाची, तीन-चार सुया एकत्र बांधावयाच्या, आणि मुलीचा हात मांडीवर घट्ट धरून टोचीत जावयाचे. मुलगी सात-आठ वर्षांची असे. ती ओरडू लागली म्हणजे आई किंवा आत्या तिचे खांदे धरी, आणि गोंदणारी बाई तोंडाने काहीतरी गात राही. मग हळद व तेल. हात दोन-चार दिवस सुजे. मोबदला म्हणून सूपभर ज्वारी किंवा जुने लुगडे मिळे. आता ही चाल पुष्कळ ओसरली आहे. पन्नाशीच्या आतील बायकांचे हात बहुधा कोरेच दिसतात.

हा रंग जात का नाही, हेही सांगण्यासारखे आहे. आपली वरची कातडी सुमारे महिन्याभरात झडून नवी होते, पण सुई तिच्या खालच्या थरापर्यंत जाते. परकी वस्तू आत आली असे समजून शरीरातील रक्षक पेशी ती काजळी गिळतात. परंतु तिचे पचन त्यांच्याने होत नाही आणि तिला बाहेरही टाकता येत नाही, म्हणून त्या तिला पोटात घेऊन तेथेच बसतात. एक पेशी मेली की तिच्या जागी आलेली दुसरी तोच रंग उचलते. अशा रीतीने सात वर्षांच्या मुलीच्या हातात घातलेली काजळी ऐंशी वर्षांच्या म्हातारीच्या हातात राहते, आणि वरच्या कातडीतून पाहिल्यामुळे काळी असून हिरवी-निळी दिसते.

आता लोक हे का सोसतात? कित्येक म्हणतात, शोभेसाठी. कित्येक म्हणतात, दुखऱ्या सांध्यावर गोंदले म्हणजे कळ थांबते. हा समज फार जुना आहे. १९९१ साली ऑस्ट्रिया व इटली ह्यांच्या सरहद्दीवरील बर्फात सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या एका मनुष्याचा देह सापडला. त्याच्या अंगावर ६१ गोंदलेल्या रेघा मोजण्यात आल्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा कंबर, गुडघा व घोटा ह्यांच्या आसपास, म्हणजे जेथे हाडे झिजलेली होती तेथे आहेत. आमच्या शेतकरी बायका आणि तो डोंगरी मनुष्य ह्यांचे दुखणे एकच असावे.

परंतु गोंदणाची खरी ओढ ह्याहून खोल आहे, आणि ती आपल्या उपदेशकांनी ध्यानात घ्यावी असे आम्हांस फार वाटते. गरिबाच्या घरी आलेला दागिना किती दिवस राहतो? लग्नात घातलेल्या पाटल्या पहिल्या दुष्काळात सावकाराकडे जातात आणि परत येत नाहीत. भांडी जातात, शेत जाते, बैल जातो. नवरा मेला म्हणजे उरले तेही दुसऱ्यांच्या हाताने काढले जाते : बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात. ही चाल बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेस २०२२ साली करावा लागला, ह्यावरून ती किती चिवट आहे हे दिसते. अशा बाईच्या अंगावरून सर्व काढून घेतल्यावर जे कोणास काढता आले नाही ते गोंदण. तिच्या कपाळीचे कुंकू पुसणाऱ्या हातांना तो हिरवा ठिपका पुसता आला नाही. सावकाराने ज्याची किंमत केली नाही, दिराने ज्यात वाटा मागितला नाही, चोराने जे नेले नाही असे तिच्या मालकीचे एवढेच होते. म्हणूनच आमच्या बायका म्हणत आल्या आहेत की, मेल्यावर बरोबर येते ते गोंदणच. बाकी सगळे येथेच राहते.

ह्यावर हसणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हसू येत नाही. प्रभूने डोंगरावरील उपदेशात कसर व जंग जेथे खातात आणि चोर जेथे घर फोडतात अशा संपत्तीविषयी जे सांगितले (मत्तय ६), त्यातील अर्धी गोष्ट ह्या बायकांनी स्वतःच्या अनुभवाने जाणली होती. नाश न पावणारे धन कोठे ठेवावे, हा त्यांचा प्रश्न खरा होता. ठेवावयास जागा त्यांस कातडीवाचून दुसरी दिसली नाही, एवढेच.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. पंचांनी लेवीय १९:२८ पुढे केले आहे. मृतासाठी अंगावर वार करून घेऊ नये आणि अंगावर खुणा करू नयेत, असा तेथे नियम आहे खरा. परंतु वचन वाचावयाचे ते मागेपुढे पाहून वाचावे. आसपासची राष्ट्रे मृतांच्या नावाने अंग फाडून घेत. अनुवाद १४:१ येथेही तीच गोष्ट निराळ्या शब्दांत आहे. इस्राएलाने त्या मृतपूजेपासून व त्या देवतांपासून वेगळे राहावे हा नियमाचा हेतू आहे. ज्यांस वचनाचे अक्षरच पाहिजे त्यांनी लगतचे २७ वे वचनही वाचावे. त्यात डोक्याच्या कडेचे केस गोल कापू नयेत व दाढीचे कोपरे छाटू नयेत असे आहे. तसेच १९ व्या वचनात दोन प्रकारच्या सुतांचे मिश्र वस्त्र अंगात घालू नये असे आहे. न्हाव्याकडून गुळगुळीत होऊन आलेले, टेरिकॉटचा सदरा घातलेले आमचे एखादे पंच त्या म्हातारीस २८ वे वचन वाचून दाखवीत आहेत, हे चित्र आम्हांस जरा विचित्र वाटते.

शिवाय त्याच शास्त्रात दुसऱ्याही गोष्टी आहेत. यशया ४४:५ येथे भविष्यवादी असा दिवस पाहतो की, त्या दिवशी कोणी आपल्या हातावर आपण परमेश्वराचे आहोत असे लिहील. निर्गमाच्या २१ व्या अध्यायात एका दासाची गोष्ट आहे. सहा वर्षे चाकरी झाल्यावर सातव्या वर्षी तो मोकळा होतो. परंतु धन्यावरील व मुलाबाळांवरील प्रीतीमुळे मी जात नाही असे त्याने स्वतः बोलून दाखविले, तरच त्याचा कान दाराशी नेऊन आरीने टोचावयाचा. स्वतः बोलून दाखविले तरच, हे शब्द वाचकांनी मनात ठेवावे. पुढे त्यांचे काम पडेल.

मात्र आमच्या प्रश्नाला सर्वांत जवळचे वचन कोणी पुढे केले नाही याचे आम्हांस आश्चर्य वाटते. ते १ करिंथ ७:१८ येथे आहे. पहिल्या शतकातील मंडळीपुढे अंगावरच्या खुणेचाच वाद होता. ती खूण म्हणजे सुंता. यहूदी म्हणत, जो आमच्यात येईल त्याने ती करून घ्यावी. उलट ग्रीक लोकांत वावरणारे काही यहूदी लाजेने ती खूण शस्त्रक्रियेने झाकून घेत. पौलाने दोघांसही थांबविले. ज्याला खुणेसह बोलावणे आले त्याने ती पुसू नये, आणि ज्याला खुणेवाचून आले त्याने ती घेऊ नये, असा त्याचा सारांश आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने हाच निर्णय दिला व परराष्ट्रीयांच्या मानेवर तो भार ठेवला नाही. मग आमच्या गावच्या पंचांस, म्हातारीच्या कातडीस अट घालण्याचा अधिकार कोठून आला? खूण असली पाहिजे म्हणणारे आणि खूण नसली पाहिजे म्हणणारे, दोघेही तारण कातडीपाशीच आणून ठेवतात.

ह्यास आणखी एक लौकिक कारण आहे. गोंदण काढावयाचे कसे? शहरातील दवाखान्यांत लेसर किरणांनी ते फिके करितात, पण त्यास अनेक खेपा व पुष्कळ पैसा लागतो. गावात उरतात ते चुना, बिब्बा व तेजाब. त्यांनी गोंदण जात नाही, हात जातो. ऐंशी वर्षांच्या बाईचे पातळ झालेले कातडे जाळून तिला प्रभूच्या मेजाशी आणणे हा कोणता धर्म? ज्या कोणाच्या मनात असे काही असेल त्याने ते आजच सोडावे.

तथापि पंचांच्या मनातील एक शंका अशी आहे की तिला आम्ही हलकी म्हणणार नाही. ते म्हणतात, तिच्या हातावर दुसऱ्या देवाचे नाव आहे. नाव म्हणजे मालकीची निशाणी. मग ती कोणाची? ह्याचे उत्तर देण्यासाठी थोडा इतिहास सांगणे भाग आहे.

मनुष्याच्या अंगावर दुसऱ्याने खूण करणे ही फार जुनी चाल आहे. ग्रीक व रोमी लोक पळून गेलेल्या दासांच्या व गुन्हेगारांच्या कपाळावर गोंदीत. कॉन्स्टंटाईन बादशहाने इ. स. ३१६ च्या सुमारास कायदा करून शिक्षा झालेल्यांच्या चेहऱ्यावर अशी खूण करण्यास बंदी केली, आणि कारण हे दिले की, मनुष्याचा चेहरा स्वर्गीय सौंदर्याच्या नमुन्यावर घडलेला आहे. त्याने हातापायांवरील खुणा चालू ठेविल्या, तेव्हा त्याची दया चेहऱ्यापुरतीच होती. पण आरंभ तर झाला. ह्यानंतर जवळजवळ पंधराशे वर्षांनी आपल्याच देशात कंपनी सरकारने १७९७ च्या नियमाने बंगाल्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदविण्यास सुरुवात केली. ह्या शिक्षेस कागदोपत्री ‘गोदना’ हाच देशी शब्द होता. आमच्या आयाबायांनी ज्यास अलंकार म्हटले त्याचाच सरकारने कलंक केला. निरपराध ठरून सुटलेला मनुष्यही ते कपाळ घेऊन कोठे जाणार? कित्येक कैदी पागोटे कपाळावर खाली ओढून बांधीत. ही शिक्षा १८४९ साली रद्द झाली. आणि ह्या गोष्टीचा कळस युरोपात, आऊश्वित्झच्या छावणीत, १९४१ ते १९४५ ह्या वर्षांत झाला; तेथे यहूदी व इतर कैद्यांच्या हातावर नावाऐवजी आकडा गोंदीत.

ह्या सर्वांत पाप कोठे आहे? काजळीत नाही, सुईतही नाही. एका मनुष्याने दुसऱ्याच्या देहावर त्याच्या इच्छेवाचून लिहिले, ह्यात आहे. ज्याच्यावर लिहिले गेले तो त्या लिखाणाचा धनी नव्हे आणि त्याचा जबाबदारही नव्हे. त्या म्हातारीने रामाचे नाव लिहिले नाही. सातव्या वर्षी आईने खांदे धरले असता ते तिच्यावर लिहिले गेले. वर्षभर कोस-दोन कोस चालून उपासनेस येत आहे ते तिचे स्वतःचे लिखाण. मालकी कोणाची हे ठरवावयाचे असेल तर तिने सातव्या वर्षी सोसलेल्या गोष्टीवरून ठरवावे की ऐंशीव्या वर्षी मागितलेल्या गोष्टीवरून? शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा परमेश्वराने त्यास बाहेरचे रूप पाहण्यास मना केले (१ शमुवेल १६:७). इशायाचे थोरले मुलगे अंगाने चांगले होते, हे आपण विसरतो.

आम्ही इतके लिहिले असता एक चाणाक्ष वाचक आम्हांस अडवील, आणि त्याने अडवावे. तो म्हणेल : मुलीची संमती नव्हती म्हणून ते गोंदण तिचे नव्हे असे तुम्ही म्हणता, मग ज्या मंडळ्यांत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा होतो तेथे त्या बालकाची संमती कोणी घेतली? आईबापांनी मूल पुढे केले, पाळकाने पाणी घातले, नाव वहीत लिहिले. ह्यात व गोंदणात भेद कोणता?

हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. आमचे उत्तर असे : पाणी वाळते. बाप्तिस्म्याचे पाणी बालकाच्या कपाळावर घटकाभरही राहत नाही, आणि त्याच्या देहावर जगाला दिसेल अशी कोणतीही खूण मागे ठेवीत नाही. त्या दिवशी जी बांधली जातात ती आईबापे व मंडळी. मुलास शिकविण्याचे वचन ती देतात. मूल मोठे झाले म्हणजे त्याला सर्वांसमक्ष विचारले जाते, आणि त्यास होय म्हणण्याची जशी मोकळीक आहे तशी नाही म्हणण्याचीही आहे. नाही म्हणून जो उठून गेला त्याच्या अंगावर आमचे काहीही राहत नाही. गोंदणाने ही वाट बंद होते. म्हणून पाण्याची खूण ही प्रभूच्या रीतीस शोभते. तो दाराशी उभा राहून ठोकतो, दार फोडीत नाही. हे उत्तर सर्वांचे समाधान करील असे नाही. नाव तर राहतेच, शाळेच्या दाखल्यावर जात राहते, आणि गावचे लोक त्या मुलास जन्मभर किरिस्तावच म्हणतात. ज्या मंडळ्या वयात आलेल्यांचाच बाप्तिस्मा करितात त्यांस येथे आमच्यापेक्षा सरळ उत्तर देता येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु बालकाचा बाप्तिस्मा करणाऱ्या मंडळीने ‘नाही’ म्हणणाऱ्या तरुणास शिव्याशाप देऊन घराबाहेर काढले, तर तिने पाण्याचे गोंदण केले असे आम्ही समजू.

आता तो नातू व त्याचा क्रूस.

ख्रिस्ती लोकांत गोंदणाची चाल मुळीच नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. मिसर देशातील कॉप्ट ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतील बाजूस लहानसा क्रूस गोंदवितात. यरुशलेमेस यात्रेस गेलेले लोक कित्येक शतके तेथे गोंदवून घेत आले आहेत. त्या नगरात रझ्झूक नावाचे कॉप्ट घराणे आजही हे काम करिते आणि त्यांच्याजवळ जुने लाकडी ठसे आहेत. इंग्लंडातील नॉर्थंब्रिया प्रांतात ७८७ साली भरलेल्या सभेत पोपच्या वकिलांनी मूर्तिपूजकांच्या रीतीने अंग गोंदण्याचा निषेध केला, पण देवासाठी कोणी ते सोसले तर निराळी गोष्ट, असाही अभिप्राय दिला. उलट बाजूही आहे. ताहिती बेटांवर १७९७ साली लंडन मिशनचे लोक गेले, आणि त्यांच्या शिकवणीने हुआहिने बेटावर १८२२ साली जो कायदा झाला त्यात गोंदणे हा गुन्हा ठरला. गोंदवून घेणाऱ्या पुरुषाने शिक्षा म्हणून रस्ता बांधून द्यावा असे होते. युरोपी भाषांत गोंदणास जो शब्द आहे तो कॅप्टन कुकच्या १७६९ च्या सफरीत ह्याच बेटांवरून गेला, आणि शे-दीडशे वर्षांत तेथील लोक ती विद्याच विसरले. १९८० नंतर त्यांस ती सामोआच्या कारागिरांपासून पुन्हा शिकावी लागली. सामोआतही मिशनऱ्यांनी विरोध केला होता, पण तेथील लोकांनी शुभवर्तमान घेतले व गोंदण सोडले नाही. ताहितीचे लोक सामोआच्या लोकांपेक्षा त्यामुळे अधिक ख्रिस्ती झाले असे दाखविता येत नाही. आमचे मत असे की, १८२२ चा तो कायदा करावयास नको होता. नारायण वामन टिळकांनी अभंग व कीर्तन प्रभूच्या सेवेस लाविले तेव्हाही कित्येकांस ते हिंदूंचे वाटले होते. आज त्यांवाचून आमची एकही उपासना होत नाही.

तेव्हा त्या तरुणाने क्रूस गोंदविला तर तो पापी झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती साक्ष झाली असेही म्हणणार नाही. मिसरातील ख्रिस्ती मनुष्याच्या मनगटावरील क्रूस त्यास कोणत्याही गर्दीत लपू देत नाही, आणि त्या देशात ही गोष्ट प्राणाशी गाठ घालणारी झालेली आहे. त्या क्रूसाची किंमत तो रोज देतो. जत्रेत यंत्रवाल्यापुढे हात धरणारा पोरगा काय देतो? थोडे पैसे आणि थोडी कळ. त्याच पाटावर त्याच्या आधी कोणी वाघ काढून घेतलेला असतो, कोणी प्रेयसीचे नाव. पौलाने गलतीकरांस लिहिताना आपल्या देहावर प्रभू येशूच्या खुणा आहेत असे सांगितले; त्याने मूळ ग्रीकात वापरलेला शब्द दासांच्या अंगावरील डागांचा आहे. पण त्या खुणा त्याने करून घेतल्या नव्हत्या. त्या फटक्यांच्या व दगडांच्या होत्या, आणि दुसऱ्या करिंथकरांच्या पत्रात त्याने त्यांचा हिशेब दिला आहे. आम्हांस आणखी एक भीती वाटते. आमच्या लोकांत ताइताची आठवण अजून ताजी आहे. मनगटावर क्रूस असला म्हणजे भूत येत नाही, साप चावत नाही, असे कोणी म्हणू लागला तर तो क्रूस राहिला नाही, ताईत झाला. आणि ज्या हातावर क्रूस आहे तो बायकोवर उठलेला शेजाऱ्यांनी पाहिला, तर त्या साक्षीचे काय करावे?

जत्रेतील त्या यंत्राविषयीही दोन शब्द. विजेवर चालणारे गोंदणयंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायली नावाच्या मनुष्याने १८९१ साली नोंदविले. आता ते बॅटरीवर चालते व एका घटकेत दहा हात गोंदते. त्याच सुईने दहा हात, ही खरी गोष्ट. त्या सुईवाटे एकाच्या रक्तातील कावीळ (बी व सी ह्या दोन्ही जातींची) किंवा एचआयव्ही दुसऱ्याच्या रक्तात जाऊ शकतो. रस्त्यावरील गोंदणातून कातडीत महारोगाचा प्रवेश झाल्याची उदाहरणेही आपल्या देशातील डॉक्टरांनी नोंदविली आहेत. म्हणूनच रक्तपेढ्या गोंदवून घेतलेल्या मनुष्याचे रक्त वर्षभर घेत नाहीत. ज्यांस सैन्यात जावयाचे आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, भरतीच्या नियमांप्रमाणे कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूस व पंज्याच्या मागील बाजूसच गोंदण चालते. आदिवासींस त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे, इतरांस नाही. दंडावरच्या एका चित्रामुळे परत आलेले तरुण आमच्या खेड्यांतून आहेत. तो नातू अठरा वर्षांचा झाला असेल, त्याने हे सर्व ऐकले असेल, नवी सुई आपल्यासमोर फोडावयास लावली असेल आणि तरीही त्याची इच्छा असेल, तर ते त्याचे व प्रभूचे पाहावे. पंचांनी त्यास अडवू नये. त्याची पाठही थोपटू नये.

म्हातारीच्या त्या जुन्या समजुतीविषयी बोलावयाचे राहिले. मेल्यावर गोंदण बरोबर येते काय? उपदेशकांनी तिला एवढेच सांगू नये की हा खुळा समज आहे. योहानाच्या २० व्या अध्यायात तिच्यासाठी एक गोष्ट आहे, ती वाचून दाखवावी. प्रभू मेलेल्यांतून उठला. त्याचा देह नवा झाला होता, दारे लाविली असता तो आत येत होता. तरी हातावरील व कुशीतील खुणा गेल्या नव्हत्या, आणि त्या खुणांवरून थोमाने त्यास ओळखले. त्याही खुणा दुसऱ्यांनी केलेल्या होत्या, बळाने केलेल्या होत्या, आणि देवाने त्या पुसल्या नाहीत. यशयाच्या ४९ व्या अध्यायात तर परमेश्वर आपल्या लोकांस, मी तुम्हांला माझ्या तळहातांवर कोरून ठेविले आहे अशा अर्थाचे बोलतो. जिला वाटत होते की आपल्याच हातावर लिहिलेले काय ते टिकेल, तिला हे कळू द्यावे की कोणाच्या तरी हातावर तिचेही नाव आहे. आमच्या अनुभवाने, ज्या बायकांचे हात गोंदलेले आहेत त्यांस हे वचन इतरांपेक्षा लवकर समजते.

आमच्या बंधूंनी विचारला नाही असा एक प्रश्न शेवटी आम्हीच काढतो. जत्रेत मुले हरवतात म्हणून तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातावर नाव गोंदविण्याची चाल आहे, आणि आमच्या काही ख्रिस्ती घरांतूनही आता नावाबरोबर क्रूस काढून घेऊ लागले आहेत. हेतू वाईट नाही. परंतु आई खांदे धरिते, बाप मनगट धरितो, मूल ओरडते, आणि यंत्र चालू होते. सत्तर वर्षांपूर्वी त्या म्हातारीच्या अंगणात जे झाले तेच हे आहे, केवळ चित्र बदलले. मूल हरवण्याची भीती असेल तर नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात शिवून टाकावी. ज्या घरी असा बेत चालला असेल तेथे उपदेशकाने जत्रेच्या आधीच जावे, आईबापांजवळ बसून बोलावे, आणि मूल समजण्याइतके मोठे असेल तर त्यालाही जवळ बसवून विचारावे.